गाडी चालू ठेवणाऱ्या पोराची जन्मठेप

‘...व त्याचे इतर पाच ते सहा साथीदार.’ टोळक्याने केलेल्या खुनाच्या फिर्यादीत हे शब्द हमखास सापडतात. फिर्याद देणारा बहुधा मयताचा भाऊ किंवा मित्र असतो. वेळ रात्रीची, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारात गर्दी, आणि वार करणारे एक-दोघे सोडले तर बाकीच्यांची नावं त्याला त्या घटकेला सांगता येत नाहीत. पुढे पुरवणी जबाब होतो आणि त्या ‘पाच ते सहा’मध्ये नावं भरली जातात. कोयता कुणी चालवला, हात कुणी धरले, कोपऱ्यावर नुसती गाडी चालू ठेवून कोण थांबला, हा फरक तिथूनच पुसट व्हायला लागतो. दोषारोपपत्रात तो आणखी पुसट होतो. निकालाच्या दिवशी सगळ्यांना एकच शिक्षा झाली, तर त्यात कायद्याने मनाई केलेलं असं काही घडलेलं नसतं.

या पद्धतीत सगळ्यात जास्त भरडला जातो तो सतरा-अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. तो निर्दोष असतोच असं नाही, बऱ्याचदा नसतो. पण त्याचा दोष किती, हे मोजायची जागाच कायद्यात उरलेली नाही, आणि ती करून देणं आवश्यक आहे.

कलमं दोन आहेत. भारतीय दंड संहितेचं जुनं ३४ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचं ३(५) झालं आहे. अनेकांनी समान इराद्याने गुन्हा केला, तर प्रत्येकाने तो एकट्यानेच केल्यासारखा धरायचा, असं ते सांगतं. दुसरं जुनं १४९, आताचं १९०. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव असेल आणि जमावाच्या उद्देशासाठी कुणीही गुन्हा केला, किंवा असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे इतरांना ठाऊक होतं, तर सगळे दोषी. यातला ‘ठाऊक होतं’ हा भाग फार लांबवर पोचतो. चौथ्या आणि पाचव्या आरोपीत म्हणूनच मोठं अंतर आहे. चारजण असतील तर सरकार पक्षाला समान इरादा सिद्ध करावा लागतो. पाच झाले की जमावात असणं आणि संभव ठाऊक असणं, एवढ्यावर काम भागू शकतं. पाचवा फरार असला, अगदी अनोळखी असला, तरी तो होता एवढं पुराव्यात आलं की आकडा भरतो.

एक प्रसंग समजून घ्या. संध्याकाळी गंगावेशीत वडापावच्या गाड्यावर बोलाचाली होते. एकजण दुसऱ्याला सगळ्यांसमोर शिवी देतो. रात्री साडेनऊला फोन फिरतात. ‘चल की भावा, जरा दम देऊन येऊ.’ तीन गाड्या, सातजण. तिसरी गाडी चालवणारा मुलगा अठरा वर्षं दोन महिन्यांचा आहे, गाडी त्याच्या थोरल्या भावाची. वाटेत पेट्रोल पंपावर थांबतात. पुढच्या गाडीवरचा खाली उतरतो आणि पाकीट काढायला वाकतो, तेव्हा त्याच्या शर्टाच्या मागे, कमरेत खोचलेल्या कोयत्याची मूठ दिसते. कुणी काही बोलत नाही. शंभराचं पेट्रोल भरून गाड्या रंकाळ्याकडे वळतात. तिथे समोरच्याला खाली बोलावलं जातं आणि याला सांगितलं जातं, ‘तू गाडी चालूच ठेव.’ चाळीस-पन्नास सेकंदांत दोन वार होतात. सगळे पळतात.

या मुलाला काय ठाऊक होतं? साडेनऊला त्याला ‘दम द्यायचाय’ एवढंच ठाऊक होतं. पंपावर त्याला कोयता दिसला. दिसला का, हाच खरा प्रश्न आहे. त्याची गाडी पुढच्या गाडीच्या मागे होती की बाजूला, तिथे उजेड किती होता, पंपाच्या सीसीटीव्हीत त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे? दिसला असेल तर गाडी वळवून घरी जायला त्याच्याकडे पाच-सात मिनिटं होती आणि तो गेला नाही. त्याबद्दल त्याला शिक्षा व्हायला हवी, याबद्दल शंका नाही. पण कोयता दाखवून घाबरवायचं आहे, हातावर-पायावर मारायचं आहे, की जीव घ्यायचा आहे, यातलं काय त्याच्या डोक्यात होतं? या तीन उत्तरांना तीन वेगळे गुन्हे आहेत. त्यांच्या शिक्षांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासात हे प्रश्न विचारले जात नाहीत, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. पण कागद पाहिले तर त्यांची उत्तरं क्वचित सापडतात. कॉल डिटेल्स असतात, टॉवर लोकेशन असतं, रंकाळ्याजवळचं फुटेज असतं. त्यातून मुलगा तिथे होता हे पक्कं सिद्ध होतं. त्याला काय माहीत होतं याचा पुरावा बहुतेक वेळा पंपावरच्या फुटेजमध्ये असतो. ते वेळेत मागवलं नाही तर त्यावर नवं चित्रण चढतं आणि ते गेलं ते गेलंच. मग मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीने हत्याराची जागा दाखवल्याची नोंद, होतो. एकाच कोयत्याची जागा दोघा-तिघांनी दाखवली असं लिहिलं जातं आणि गाडी चालवणाऱ्याचाही त्या हत्याराशी संबंध जोडला जातो. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, पण जप्तीपुरता भाग येतो. त्या भागाचं वजन कधीकधी सगळ्या खटल्यापेक्षा जास्त होऊन बसतं.

कायद्याला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्ट ऑफिसमधल्या खुनाच्या खटल्यात सांगितलं की नुसते उभे राहून वाट पाहणारेही कामच करत असतात. ‘मी अंगणात भेदरून उभा होतो’ हा आरोपीचा बचाव टिकला नाही. आजही सरकार पक्षाचे युक्तिवाद तिथूनच सुरू होतात. पण त्याच प्रिव्ही कौन्सिलने वीस वर्षांनी, १९४५ मध्ये, महबूब शाह खटल्यात लगाम घातला. सिंधू नदीच्या काठचा लव्हाळा कापण्यावरून भांडण झालं, एकाने मदतीसाठी आरडाओरडा केला आणि दोघे बंदुका घेऊन धावले. एकाच्या गोळीने माणूस मेला, दुसऱ्याच्या गोळीने दुसराच एकजण किरकोळ जखमी झाला. गोळी घालून मारणारा फरार झाला आणि या दुसऱ्याला फाशी सुनावली गेली. वय १९. प्रिव्ही कौन्सिलने खुनाची शिक्षा रद्द केली. दोघांच्या मनात सारखाच इरादा असणं वेगळं आणि दोघांनी मिळून ठरवलेला एक इरादा असणं वेगळं, हा भेद त्या निकालाने कायमचा घालून दिला. २००१ मध्ये सुरेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईची मुक्तता कायम ठेवली, कारण तिथे नुसतं असणं पुरेसं नव्हतं. न्याय संहितेच्या ३(९) मध्ये (जुनं ३८) तर स्पष्ट लिहिलं आहे की एकाच कृत्यात सामील झालेले वेगवेगळ्या गुन्ह्यांचे दोषी ठरू शकतात. हे कलम दोषारोपपत्रात किंवा युक्तिवादात फारसं दिसत नाही. हातातलं हत्यार न वापरता लढण्यासारखंच आहे हे.

मग अडतं कुठे? शिक्षेच्या कलमात. खुनाच्या कलम १०३(१) मध्ये फाशी किंवा जन्मठेप, तिसरा पर्याय नाही. एकदा ३(५) किंवा १९० लागलं की न्यायाधीशांना गाडी चालवणाऱ्या मुलाबद्दल काहीही वाटलं तरी जन्मठेपेच्या खाली येता येत नाही. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं हा गैरसमज आहे. फाशी ही पर्यायी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर शासनाला सूट द्यायची म्हटली तरी प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४७५ सांगतं. अठराव्या वर्षी कळंबा तुरुंगाच्या दारातून आत गेलेला मुलगा फार लवकर आला तर बत्तिशीत बाहेर येतो. २१ वर्षांखालच्यांना शक्यतो तुरुंगात पाठवू नये असं सांगणारं १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याचं कलम ६ आहे, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते तिथे ते लागूच होत नाही. कच्च्या कैद्याने एक तृतीयांश किंवा निम्मी मुदत काढली की जामीन, ही ४७९ ची सवलतही इथे नाही. एकेक दार तपासून पाहिलं तर सगळी बंद.

आता दरोड्याकडे पाहा. पाच जणांनी मिळून दरोडा घातला आणि त्यातल्या एकाने खून केला, तर न्याय संहितेच्या ३१०(३) खाली पाचही जणांना फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षं सक्तमजुरी. म्हणजे दरोडेखोरांच्या टोळीतल्या बाहेर उभ्या राहणाऱ्याला न्यायाधीश १० वर्षं देऊ शकतात आणि भांडणाला गेलेल्या मुलाला नाही. किंवा ३११ घ्या, जुनं ३९७. जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरलं तर किमान ७ वर्षं, पण ही किमान शिक्षा ज्याने स्वतः हत्यार वापरलं त्यालाच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच फूल कुमार खटल्यात सांगून ठेवलं आहे. हाताहाताचा हिशोब वेगळा ठेवणं आपल्या कायद्याला जमतं. खुनाच्या कलमात तो ठेवलेला नाही, आणि तो का ठेवू नये याचं पटणारं उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

अठराच्या आतल्यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्याच्यावर लोकांचा राग आहे. ‘अल्पवयीन म्हणून सुटतो’ हे वाक्य कोल्हापुरात कट्ट्यावर, रिक्षात, कोर्टाच्या पायऱ्यांवर कुठेही ऐकू येतं. प्रत्यक्षात सोळा पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा, म्हणजे किमान ७ वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं आणि त्याला प्रौढासारखा खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही, एवढंच संरक्षण उरतं. मंडळाने पाठवलं नाही तर जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात.

या मूल्यांकनात साथीदार मुलाचं काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. कलम १५ मध्ये तपासायच्या गोष्टी अशा: गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. वार करणाऱ्या मुलाबाबत हे प्रश्न नीट बसतात. गाडी चालवणाऱ्याबाबत मात्र ‘क्षमता’ कशाची मोजायची, वार करण्याची की गाडी चालवण्याची? ‘खून करणं वाईट आहे हे तुला कळतं का?’ असं विचारलं तर सतरा वर्षांचा कुठलाही धडधाकट मुलगा ‘हो’ म्हणेल आणि त्या ‘हो’वर तो बाल न्यायालयात जाईल. विचारायला हवं ते असं: पंपावर थांबल्यापासून रंकाळ्यापर्यंत तुला काय होईल असं वाटत होतं? नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं? त्या टोळक्यात तुझ्यापेक्षा मोठे किती होते? मित्र बघत असताना या वयाची मुलं एकटी असताना पत्करणार नाहीत असा धोका पत्करतात, हे मानसशास्त्रात चांगलं अभ्यासलं गेलेलं आहे. साथीदाराच्या गुन्ह्यात तर हीच गोष्ट मध्यवर्ती असते. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बरुणचंद्र ठाकूर खटल्यात स्पष्ट केलं. पण तज्ज्ञाला प्रश्नच चुकीचा दिला तर उत्तर बरोबर कसं येणार?

शिवाय नशिबाचा भाग आहेच. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा नाही, म्हणून २०२० च्या शिल्पा मित्तल निकालानंतर तो ‘निर्घृण’मध्ये मोडत नाही. सीपीआरमध्ये नेलेला जखमी वाचला तर सतरा वर्षांच्या गाडीवाल्यावर प्रौढासारखा खटला चालूच शकत नाही. पहाटे तो दगावला तर चालू शकतो. मुलाने जे केलं आणि त्याला जे ठाऊक होतं त्यात रात्री अकरा ते पहाटे चार एवढ्या वेळात काडीचाही फरक पडलेला नसतो.

जामिनाचंही तसंच. कलम १२ प्रमाणे बालकाला जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद. नकाराच्या तीन कारणांपैकी पहिलं, सुटल्यास तो ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याचा संभव. साथीदार मुलावर आरोपच गुन्हेगाराच्या संगतीचा असतो. त्यामुळे जे सिद्ध व्हायचं आहे तेच जामीन नाकारायचं कारण होऊन बसतं आणि ज्याने सगळ्यात कमी केलं तोही निरीक्षणगृहात राहतो. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यायला हवा. तो घरी जाऊन, शाळेत विचारून, गल्लीत दोन माणसांशी बोलून केला तर संगतीचा प्रश्न खरोखर सुटतो. मुलाला काही महिने निपाणीला आत्याकडे ठेवता येईल का, ही चौकशी तो अहवालच करू शकतो. छापील नमुन्यात ‘कौटुंबिक परिस्थिती: सामान्य’ असं भरून दिलं तर मंडळापुढे काहीच येत नाही.

वयाबद्दल एक गोष्ट इथल्याच लोकांना कळेल. आपल्याकडे किती जणांची जन्मतारीख १ जून आहे! पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना शाळेची नोंद आणि दहावीचं प्रमाणपत्र यांना पहिला मान आहे, ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला त्यानंतर. खरा जन्म ऑक्टोबरचा आणि दाखल्यावर चार महिने आधीचा १ जून असेल, तर ऑगस्टमधल्या गुन्ह्यात खरोखर सतरा वर्षं दहा महिन्यांचा मुलगा कागदावर अठराचा भरतो. वार न केलेल्या मुलासाठी ३ वर्षं आणि जन्मठेप यांच्यामधली रेघ अशी गुरुजींच्या पेनाने पडलेली असू शकते. वयाचा मुद्दा केव्हाही काढता येतो, शिक्षा झाल्यावरही, पण तो पहिल्या रिमांडलाच काढायला हवा.

मोक्का, म्हणजे राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला तर चित्र आणखी गडद होतं. किमान ५ वर्षं. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी आधार आहे, असं कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन नाही. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली एकाची कबुली त्याच खटल्यातल्या दुसऱ्याविरुद्धही वापरता येते. मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं हवीत ही अट टोळीसाठी आहे, प्रत्येक माणसासाठी नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल कोल्हापुरातल्याच मटका अड्ड्यावरच्या छाप्यातून निघालेल्या प्रकरणातला आहे. टोळीप्रमुखांसाठी तो निकाल योग्यच आहे. पण महिन्याभरापूर्वी टोळक्यात बसू लागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरावर, ज्याच्यावर आधी साधी अदखलपात्र नोंदही नाही, जुन्या दादाची दहा वर्षं येऊन पडतात.

प्रत्येकाचा दोष वेगळा मोजण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा मयताच्या घरातून येतो. ज्या आईचा मुलगा गेला तिला सात जणांची वर्गवारी ऐकायची नसते. सातजण नसते तर एकट्याची हिंमत झाली नसती, हे तिचं म्हणणं खरंही आहे. गर्दीमुळे बळ येतं, म्हणूनच ही कलमं आहेत आणि ती राहिलीच पाहिजेत. दुसरा मुद्दा पोलिसांचा: शिक्षा कमी केली तर टोळ्या गाडी चालवायला, रेकी करायला, हत्यारं सांभाळायला पोरंच वापरतील. वापरतातच. त्यासाठी न्याय संहितेचं कलम ९५ आहे. बालकाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला ३ ते १० वर्षं, आणि गुन्हा घडलाच तर तो स्वतःच केल्यासारखी शिक्षा. बाल न्याय कायद्याच्या ८३ मध्येही मुलांना वापरणाऱ्या प्रौढांना ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड आहे. टोळक्यात एकही अल्पवयीन असला की तपासी अंमलदाराने त्याला कुणी बोलावलं हे शोधून ही कलमं पहिल्या आठवड्यातच लावावीत. मुलांचा वापर त्याने थांबायला लागेल. मुलाला मोठी शिक्षा दिल्याने दादाला दुसरा मुलगा मिळायला काहीच अडचण येत नाही.

इंग्लंडमध्ये हाच वाद तीस वर्षं चालला. सोबत्याच्या हातून खून होऊ शकतो अशी कल्पना असणं म्हणजेच खुनाचा दोषी असणं, अशी तिथली वाट १९८४ पासून पडली होती. १८ फेब्रुवारी २०१६ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जोगी खटल्यात ती वाट चुकीची होती असं मान्य केलं. कल्पना असणं हा इराद्याचा पुरावा होऊ शकतो, इरादा नव्हे. जोगीवर पुन्हा खटला चालला, खुनाऐवजी मनुष्यवधाचा दोष सिद्ध झाला आणि १२ वर्षं शिक्षा झाली. तो सुटला नाही. त्याचा हिशोब वेगळा झाला, एवढंच.

आपल्याकडे यासाठी मोठी उलथापालथ लागत नाही. कलम १०३(१) ला एक परंतुक, म्हणजे अपवादाची जोड, हवं: ३(५) किंवा १९० मुळे दोषी ठरलेला, गुन्ह्याच्या दिवशी २१ च्या आतला आणि स्वतः वार न केलेला आरोपी असेल तर दरोड्याप्रमाणेच किमान १० वर्षांचा पर्याय. माझ्या मते किमान मर्यादाही ठेवू नये, पण १० वर्षांनी सुरुवात झाली तरी पुष्कळ. हे संसदेचं काम आहे, वेळ लागेल. तोवर जिल्हा पातळीवर जे हातात आहे ते करता येतं. दोषारोपपत्रात प्रत्येक आरोपीचं स्वतंत्र पान असावं: कुठे भेटला, कशावर आला, हत्यार केव्हा दिसलं, वार होताना कुठे होता, नंतर काय केलं. सरकारी वकिलांनी खुनाच्या आरोपासोबत पर्यायी आरोपही ठेवावा, समान इराद्याने धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, ११८(२) सह ३(५). किमान १ वर्ष ते जन्मठेप एवढी रुंद जागा त्यात आहे.

आणि बचावाच्या वकिलांनी, विशेषतः विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेल्यांनी, पहिल्या आठवड्यात पंपाच्या फुटेजसाठी अर्ज द्यावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच भाऊसिंगजी रोडला बसतंय. सेशन कोर्टाने जामीन नाकारला तर गाडीवाल्या पोराच्या बापाला आता मुंबईची रात्रीची बस धरावी लागत नाही. त्याच्या अर्जासोबत ते पंपावरचं दीड मिनिटाचं चित्रण जोडलेलं असलं, तर न्यायमूर्तींना पोराचं तोंड कोयत्याच्या मुठीकडे होतं की पेट्रोलच्या मीटरकडे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.